मोती, तेल आणि दवाखान्याचं दार

आजच्या भागात बहरीनमधल्या दवाखान्यांचा इतिहास. विषय जुना असला तरी त्यातला प्रश्न आपल्या घरातला आहे. मुलाला ताप आला की आपण काय करतो? लगेच डॉक्टरकडे नेतो, की एक दिवस वाट बघू म्हणतो? हा एक दिवस कधी आजारामुळे वाढतो, कधी शुल्कामुळे. या बेटावर ही गोष्ट सव्वाशे वर्षं चालत आली आहे.

सुरुवात मुंबईपासून करू. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात प्लेग सापडला. भायखळ्याला हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण त्या काळात मुंबई बंदरातून निघणाऱ्या आगबोटी कराची, मस्कत, बुशहर करत बहरीनला येत. बहरीनचा मोती मुंबईच्या बाजारात जाई, तिकडून तांदूळ, कापड, लाकूड इकडे येई. चलन आपला रुपया. ज्या वाटेनं माल येत होता त्याच वाटेनं रोगही येत होते. १९०३ मध्ये बहरीनमध्ये प्लेग आला, १९०४ मध्ये कॉलरा.

तेव्हा इथे उपचार म्हणजे काय होतं? घरगुती औषधं, झाडपाला, आणि दुखऱ्या जागी तापल्या लोखंडाचा डाग. शस्त्रक्रिया करणारं पहिलं इस्पितळ मनामात १९०३ च्या जानेवारीत सुरू झालं, तेही अमेरिकेतल्या मिशनच्या देणगीतून. त्याचं नाव मेसन मेमोरियल, आजचं अमेरिकन मिशन हॉस्पिटल. शॅरन थॉम्स आणि त्यांच्या पत्नी मॅरियन, दोघंही डॉक्टर, तिथे काम करत होते. बायका पुरुष डॉक्टरकडे जायला तयार नसत, त्यामुळे मॅरियनबाईंचं तिथे असणं फार मोलाचं होतं. १९०५ मध्ये त्या टायफॉइडनं गेल्या. त्याआधी १९०४ च्या उन्हाळ्यात मिशनचे सॅम्युअल झ्वेमर यांच्या दोन लहान मुली आठवड्याभराच्या अंतरानं दगावल्या. डॉक्टर शेजारी असूनही घरातली माणसं वाचत नव्हती, असा तो काळ.

त्याच सुमारास व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ दुसरं छोटं इस्पितळ उभं राहिलं. ब्रिटिश एजन्सीच्या देखरेखीखालचं. त्याला व्यापाऱ्यांनी वर्गणी दिली, डॉक्टर हिंदुस्थानातून आला. म्हणजे पहिल्या दोन्ही इस्पितळांमागे सरकारी तिजोरी नव्हती. एक देणगीवर, एक वर्गणीवर.

आता रुग्ण कोण होते ते पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहरीनमधून नऊशेंहून जास्त होड्या मोती काढायला जात आणि त्यांवर सुमारे १७ हजार माणसं असत. उन्हाळ्याचे चार महिने समुद्रात. नाकाला चिमटा, पायाला दगड, आणि एका दमात तळ गाठायचा. कानाचे पडदे फाटत, डोळे जात, अंगावर खाऱ्या पाण्याची गळवं उठत. वर प्रत्येकाच्या डोक्यावर होडीच्या मालकाची उचल. मोसम वाईट गेला की कर्ज वाढे, आणि कर्जातला माणूस दुखणं अंगावर काढे. आपल्याकडे ऊसतोड कामगाराची उचल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग १९२९ साल आलं. जगभर मंदी, युरोप-अमेरिकेत मोत्यांना गिऱ्हाईक नाही, आणि जपानमधून मिकिमोतो यांचे संवर्धित मोती बाजारात. बहरीनचा धंदा दोन-चार वर्षांत बसला. राज्याचं मुख्य उत्पन्न जकात. व्यापार आटला तशी जकात आटली आणि सरकारला काटकसर करावी लागली. पण गंमत बघा, आरोग्यावरचा खर्च कापायचा म्हटलं तरी कापण्यासारखं मोठं सरकारी इस्पितळच नव्हतं. सगळा भार देणगीवर चालणाऱ्या इस्पितळांवर होता, आणि मंदीत देणगीही आटते. लोकांना मदतीची सर्वांत जास्त गरज असते, नेमकी तेव्हाच मदत करणाऱ्याची झोळी रिकामी होते. दानावर उभ्या असलेल्या आरोग्यसेवेची हीच मर्यादा आहे.

१९३२ मध्ये जेबेल दुखानजवळ तेल लागलं आणि चित्र बदललं. १९३४ मध्ये तेल निर्यात होऊ लागलं, १९३६ मध्ये रिफायनरी सुरू झाली. तेल कंपनीनं अवालीला आपल्या वसाहतीत इस्पितळ बांधलं. सरकारनं मनामाच्या नईम भागात बांधलं. पुढे १९५० च्या दशकात सलमानिया उभं राहू लागलं, ते आज देशातलं मुख्य सरकारी इस्पितळ आहे. या सगळ्या ठिकाणी भारतातले डॉक्टर आणि नर्सेस होते, आजही आहेत. इथल्या मुलामुलींना शिकवण्यासाठी १९७६ मध्ये कॉलेज ऑफ हेल्थ सायन्सेस निघालं.

पण या काळातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं काम इस्पितळाच्या इमारतीत झालंच नाही. ते झालं विहिरी आणि झऱ्यांवर. खजुरीच्या बागांना पाणी देणाऱ्या झऱ्यांमुळे बहरीनमध्ये मलेरिया फार होता. १९३० च्या दशकात हिंदुस्थानच्या मलेरिया संस्थेचे अफ्रिदी आणि माजिद यांनी इथे पाहणी केली, त्यांचा अहवाल १९३८ मध्ये छापला गेला. मुख्य दोषी निघाला ॲनॉफिलिस स्टीफन्सी, मुंबईत घरांच्या विहिरींत आणि टाक्यांत वाढणारा तोच डास. त्यानंतर पाणी वाहतं ठेवणं, फवारणी, तपासणी असं काम वर्षानुवर्षं चाललं आणि इथला मलेरिया संपला. या कामात बाग कोणाची, विहीर कोणाची, आत राहणारा कुठल्या देशाचा, हा भेद करता येत नव्हता. एक विहीर सोडली तरी डास पुन्हा सगळीकडे.

आता आपल्या काळात येऊ. २०१४ पासून तेलाचे भाव कोसळले. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये मांसावरचं सरकारी अनुदान गेलं, ते अनेकांना आठवत असेल. त्या काटकसरीच्या वर्षांत परदेशी माणसासाठी सरकारी आरोग्य केंद्रातल्या एका भेटीचं शुल्क ३ दिनारांवरून ७ दिनारांवर गेलं. परदेशी कामगारासाठी मालकानं वर्षाला ७२ दिनार आरोग्यशुल्क भरण्याची पद्धत आधीपासून होती. २०१८ मध्ये आरोग्य विम्याचा कायदा झाला, त्यात परदेशी लोकांचा भार विम्यावर आणि मालकांवर टाकण्याची दिशा ठरली.

सरकारची अडचण खोटी नाही. १५ लाखांहून जास्त लोकवस्तीत निम्म्याहून जास्त परदेशी, आणि उत्पन्न अजूनही तेलाशी बांधलेलं. बँकेत काम करणाऱ्या कुटुंबाला ७ दिनार जड जात नाहीत, कंपनीचा विमाही असतो. पण बांधकामावरच्या मुलाचा विचार करा. गावी पाठवायचे पैसे, एजंटचं कर्ज, आणि कागदपत्रं अडलेली असतील तर आरोग्यशुल्क भरणारा मालकही नाही. तो ७ दिनार वाचवतो आणि खोकला अंगावर काढतो. एका खोलीत आठ जण झोपत असतील, तर तो खोकला त्याच्या एकट्याचा राहत नाही.

हे बहरीनला ठाऊक नाही असंही नाही. करोनाच्या साथीत या देशानं चाचणी, उपचार आणि लस नागरिकांना आणि परदेशी रहिवाशांना, सगळ्यांना मोफत दिली. कागदपत्रं नसलेल्यांनाही दारातून परत पाठवलं नाही. कारण साधं होतं. एवढ्याशा बेटावर शेजाऱ्याचा आजार शेजाऱ्यापाशी थांबत नाही. झऱ्यांवरच्या डासांनी जे शिकवलं होतं, तेच पुन्हा समोर आलं.

मोत्यांचे दिवस गेले, तेलाच्या भावांत चढउतार होतच राहणार, आणि प्रत्येक उताराला कुठलंतरी शुल्क वाढणार. अशा वेळी इस्पितळाची इमारत कुठे जात नाही. दार मात्र कोणासाठी जड होतं, ते पाहायला हवं. आपल्या ओळखीत, आपल्या ऑफिसात, आपल्या इमारतीत झाडूपोछा करणाऱ्यांत असा कोणी आहे का, ज्याचं आरोग्यशुल्क भरलेलंच नाही? एकदा विचारून बघा. मालक आपणच असू तर पावती काढून बघा. व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून इथे इस्पितळ उभं राहिलं होतं, आपल्याला तर एवढंच करायचं आहे.

आजचा भाग इथेच संपवू या. काळजी घ्या, आणि ताप असेल तर वाट बघत बसू नका. नमस्कार.