पाच हजार आरपीएमनंतर

१९८३ साली एस्कॉर्ट्स कंपनीने राजदूत ३५० बाजारात आणली. शोरूममध्ये पैसे मोजून घेता येईल अशी एवढी वेगवान मोटरसायकल भारतात तोवर नव्हती, आणि त्यानंतरही बरीच वर्षं आली नाही. आणि हीच गाडी सहा-सात वर्षांत गाशा गुंडाळून गेली! आज तिच्या एका ओरिजिनल टाकीसाठी लोक गावोगाव हिंडतात. पण ती नवी कोरी शोरूममध्ये उभी होती तेव्हा तिला पुरेसं गिऱ्हाईक मिळेना.

मी जन्मलो तेव्हा ती बंद होऊन काही वर्षं झाली होती, त्यामुळे 'आमच्या वेळी' वगैरे म्हणायचा मला काडीचाही अधिकार नाही. पण इंजिनिअरिंगला टू-स्ट्रोक इंजिन शिकवलं ते 'कमी कार्यक्षम, जास्त प्रदूषण' अशा दोन ओळींत, आणि परीक्षेतही तेवढंच लिहून मार्क मिळाले. मग इतक्या वाईट इंजिनावर एवढी माणसं इतकी वर्षं जीव का टाकत होती, हा प्रश्न तसाच राहिला. गेले काही शनिवार-रविवार त्यातच गेले.

आधी आकडे बघू. १९८३ च्या आसपास आपल्या रस्त्यांवर काय होतं? बुलेट ३५०, ताकद १८ बीएचपी. येझदी २५०, साधारण १३. दूधवाल्यांची लाडकी साधी राजदूत, ९ च्या आसपास (ही मूळची पोलंडची एसएचएल एम११, आपल्याकडे येऊन दोन कॅन लटकवून घेणारी). प्रीमियर पद्मिनी, म्हणजे अख्खी चारचाकी, साधारण ४०. आणि जपानमधली मूळ यामाहा आरडी ३५० होती ३९ बीएचपीची! दोन सिलिंडर, ३४७ सीसी, सहा गिअर, वजन दीडशे किलोच्या आसपास.

अर्थात आपल्याकडे ती तशी आली नाही. एस्कॉर्ट्सने अ‍ॅव्हरेजसाठी इंजिन मवाळ केलं. पहिलं मॉडेल 'हाय टॉर्क' साडेतीसचं, नंतरचं 'लो टॉर्क' २७ चं. ते एक वेळ चालेल. पण मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, तो काढून ड्रम बसवला. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. ताशी १४० च्या पुढे जाणारी गाडी, ड्रम ब्रेक, बारीक टायर, आणि आपले तेव्हाचे रस्ते. आरडीचा 'रॅपिड डेथ' हा अर्थ त्यातून निघाला. डिसेंबर १९८३ मध्ये 'हिरो' सिनेमात जॅकी श्रॉफ याच गाडीवर दिसला आणि कॉलेजची पोरं वेडी झाली, पण पोरांच्या वडिलांनी दोनच प्रश्न विचारले असणार. अ‍ॅव्हरेज किती? वीस-पंचवीस. आणि पार्ट? महाग, तेही मिळाले तर. विषय संपला.

असो. मूळ प्रश्न अ‍ॅव्हरेजचा नाही. किंवा खरं म्हणजे तोच आहे, पण त्यासाठी थोडं मागे, आणि बरंच लांब, पूर्व जर्मनीत जावं लागेल.

टू-स्ट्रोक इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीलाच भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वर-खाली होताना तोच ती उघडतो आणि झाकतो. पार्ट कमी, वजन कमी, आणि फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतं तिथे हे प्रत्येक फेरीला घेतं. झकास! अडचण एवढीच की धूर बाहेर जायचं भोक उघडं असतानाच ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येत असतं. म्हणजे पुढच्या दाराने पाहुणे आत येतायत आणि मागचं दार सताड उघडं. त्यातले कितीतरी पाहुणे चहा न घेताच बाहेर.

यावर डोकं चालवलं वाल्टर काडेन या माणसाने. झोपाऊ गावातल्या एमझेड कारखान्याच्या शर्यतीच्या गाड्या तो बनवायचा. त्याने १९५० च्या दशकात सायलेन्सरच्या पाइपवर काम केलं. धूर सुटतो तेव्हा पाइपमधून दाबाची एक लाट धावते. पाइप आधी फुगत जाणारा आणि शेवटी निमुळता होत जाणारा केला, तर ती लाट टोकाकडून उलटी फिरते आणि मागचं दार बंद व्हायच्या ऐन क्षणी पळून चाललेल्या मिश्रणाला परत आत ढकलते. ना जास्तीचा पार्ट, ना पंप. फक्त पत्र्याचा आकार! या युक्तीच्या आणि पोर्टवरच्या कामाच्या जोरावर १९६१ सालच्या त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनाने २५ बीएचपी दिले. लिटरमागे २००. टर्बो-सुपरचार्जर काहीही न लावता तिथवर पोचलेलं हे पहिलं इंजिन. तुलनेसाठी, आपली बुलेट लिटरमागे ५२.

ज्ञान फार दिवस कपाटात राहत नाही. सप्टेंबर १९६१ मध्ये एमझेडचा रायडर एर्न्स्ट डेगनर स्वीडनच्या शर्यतीत उतरला. १२५ सीसीचं जगज्जेतेपद हाताशी आलेलं. शर्यतीत इंजिन बंद पडलं आणि डेगनर पूर्व जर्मनीला परत गेलाच नाही. बर्लिनची भिंत उभी राहायला जेमतेम महिना झाला होता, तरी बायकामुलांना गाडीत लपवून पश्चिमेला काढण्याची तजवीज झाली होती. डेगनर सुझुकीला जाऊन मिळाला आणि १९६२ साली त्याने ५० सीसीचं जगज्जेतेपद सुझुकीला मिळवून दिलं. काडेन मात्र झोपाऊतच राहिला. कमी पैसा, कमी माणसं, आणि आपलीच युक्ती आपल्याच विरुद्ध धावताना बघायची. आमच्या धंद्यात माणूस नोकरी सोडताना लॅपटॉप जमा करून घेतात, डोकं कुठे जमा करून घेणार?

यामाहाचं झोपाऊशी नातं त्याहून जुनं. त्यांची १९५५ ची पहिली मोटरसायकल वायए-१ ही जर्मन डीकेडब्ल्यू आरटी १२५ ची नक्कल होती, आणि डीकेडब्ल्यूचा कारखाना झोपाऊलाच होता. महायुद्धानंतर त्याचाच एमझेड झाला. म्हणजे बीज एकाच गावचं. १९६४ साली फिल रीडने यामाहाच्या आरडी ५६ वर २५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं, आणि १९७३ ला रस्त्यावरची आरडी ३५० आली.

आता या लाटेची गंमत बघा. पाइपची लांबी ठरलेली, लाटेचा वेगही जवळपास ठरलेला, म्हणजे लाट परत यायला लागणारा वेळही ठरलेला. तो वेळ इंजिनाच्या फिरण्याशी जुळला तरच दार नेमकं अडवलं जातं. म्हणून ही इंजिनं तीन-चार हजार आरपीएमपर्यंत पेंगत असतात. मग पाच हजारांच्या आसपास लाट जुळते आणि कुणीतरी मागून ढकलल्यासारखी गाडी सुटते. यालाच पॉवरबँड म्हणायचं. हा काही कुणी मुद्दाम घातलेला थरार नव्हता. टेस्टिंगवाल्यांनी याची बग म्हणून नोंद केली असती! पण ज्याला लोक 'गाडीचं कॅरेक्टर' म्हणतात ते हेच. आणि लाट जुळत नाही तेव्हा वाया जाणारं पेट्रोल, तेच ते वडिलांनी विचारलेलं अ‍ॅव्हरेज. दोन्ही एकाच पाइपातून येतं. एक ठेवून दुसरं काढता येत नव्हतं. एस्कॉर्ट्सने लो टॉर्क काढून बघितली, तर अ‍ॅव्हरेजवालेही खूश झाले नाहीत आणि वेगवालेही नाही.

मोठी आरडी पडली, पण धाकटीने सगळं वसूल केलं. १९८० च्या दशकात सरकारने १०० सीसीपर्यंतच्या गाड्यांसाठी परदेशी कंपन्यांना दार उघडलं आणि चार जपानी कंपन्या चार देशी कंपन्यांचा हात धरून आल्या. टीव्हीएस-सुझुकी, हिरो-होंडा, बजाज-कावासाकी, आणि एस्कॉर्ट्स-यामाहा. शेवटच्या जोडीची आरएक्स १०० नोव्हेंबर १९८५ मध्ये आली. ९८ सीसी, ११ बीएचपी, वजन शंभर किलोच्या आसपास. लिटरमागे काढा, ११२. मूळ जपानी आरडी ३५० चाही आकडा ११२ च!

इथे एक हिशोब मला फार आवडतो. रायडर ७० किलोचा धरा. आरएक्स अधिक रायडर १७० किलो, ११ बीएचपी. बुलेट अधिक रायडर २३० च्या पुढे, १८ बीएचपी. भागाकार केला तर किलोमागे ताकद बुलेटची जास्त! तरी सिग्नलवरून आरएक्स पुढे जायची हे तेव्हाचा कुठलाही माणूस शपथेवर सांगेल. कारण बुलेटचा स्ट्रोक ९० मिलिमीटरचा, आत भलंमोठं फ्लायव्हील, ते आधी स्वतः फिरणार मग गाडी फिरवणार. आरएक्सला फिरवायला काही नव्हतंच. बुलेट चढावर तिसऱ्या-चौथ्यात पुटपुटत जाते ती त्याच फ्लायव्हीलच्या जिवावर, आणि तिथे आरएक्स रडते. वेग हा एक आकडा नसतोच. कुठे, कितव्या सेकंदाला, कोणाला घेऊन, हे आधी विचारायला हवं.

माझ्या धाकट्या काकाकडे साताऱ्याला १९९२ ची आरएक्स होती. मला टाकीवर बसवून तो खंबाटकीच्या दिशेने चक्कर मारून आणायचा (हेल्मेट नाही, आईला माहीत नाही). मला वेग वगैरे काही कळत नव्हतं. पण दुसऱ्या गिअरमध्ये एका ठरावीक ठिकाणी टाकीखालचा आवाज बदलायचा आणि पोटात गोळा यायचा ते आठवतं. आज कळतं की ती झोपाऊची लाट होती. रविवारी सकाळी काका प्लग घासायचा, महिन्या-दोन महिन्यांनी सायलेन्सरचा कार्बन काढायचा, आणि काकू म्हणायची, "अहो, एवढी भांडी घासली असती तर!"

आवाजाचंही गणित आहे बरं का. आरडी ३५० दोन सिलिंडरची, साडेसात हजार आरपीएमला सेकंदाला २५० स्फोट. हार्मोनियमवर मधल्या सप्तकातली पांढरी एक २६१ च्या जवळ, म्हणजे आरडी पेटली की तिच्या किंचित खाली अक्षरशः सूर लागतो. आरएक्सचे १२५, बरोब्बर एक सप्तक खाली! बुलेट तीन हजारांवर सेकंदाला २५, तो सूर नाहीच, तो ठेका. जुन्या बिडाच्या इंजिनाची बुलेट हळू फिरायला लावली तर स्फोट मोजता यायचे. येझदी मधली. म्हैसूरच्या आयडियल जावाने चेक जावाच घेतली होती आणि १९७३ पासून नाव बदलून येझदी केलं. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन, किक आणि गिअरचा दांडा एकच. तिचा आवाज तक्रार करत करत काम करणाऱ्या पण कधीच रजा न घेणाऱ्या माणसासारखा. येझदीवाले यावर चिडतील, चिडोत.

हा खेळ संपवला तो कुठल्या जास्त वेगवान गाडीने नव्हे. हिरो होंडा सीडी १०० ची ताकद जेमतेम सात-साडेसात बीएचपी होती, पण लिटरला ऐंशी किलोमीटर हा दावा लोकांच्या डोक्यात बसला. ती फोर-स्ट्रोक, दारं वेळेवर उघडणारी आणि बंद होणारी. मग कायदा आला. अमेरिकेत १९७८ लाच धुराचे नियम लागू झाले होते आणि त्यापाठोपाठ आरडी घराणं तिथून गेलं. आपल्याकडे १९९६ साली हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून किलोमीटरला ३.६ ग्रॅमची मर्यादा आली, २००० साली ती २ ग्रॅम झाली. न जळलेलं पेट्रोल मागच्या दाराने सोडणाऱ्या इंजिनाला हे झेपणारं नव्हतं. आरएक्स १०० १९९६ ला थांबली. म्हैसूरचा कारखानाही त्याच वर्षी बंद झाला, जरी तिथे कारणं आणखीही होती. आरएक्सचं नाव १३५ वगैरे रूपात अजून काही वर्षं टिकलं. नियम चुकीचे होते असं मी म्हणणार नाही, संध्याकाळी स्वारगेटला उभा राहिलेला माणूस तसं म्हणूच शकत नाही.

आणि वेगच हवा असेल तर तो कुठे गेलेला नाही. २०१३ ला आली ती चाकणला बनलेली ३९० ड्यूक, ४३ बीएचपी, डिस्क ब्रेक, एबीएस. मूळ जपानी आरडीलाही कागदावर ती सहज मागे टाकते. तरी नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात आरएक्सचा ओरिजिनल पार्ट विचारा, दुकानदार आधी तुमच्याकडे नीट बघून घेतो आणि मग भाव सांगतो. नीट केलेल्या आरएक्सला लाखाच्या वर मागतात.

जावा २०१८ ला परत आली, २९३ सीसी, फोर-स्ट्रोक, २७ बीएचपी. म्हणजे बरोबर लो टॉर्क राजदूतएवढी. सिलिंडर एक आणि सायलेन्सर मात्र आठवणीने दोन ठेवलेत. मध्यंतरी मी टेस्ट राइड घेतली. तीन हजारांना ओढते, चारला ओढते, सहालाही ओढते, कुठेही काही 'होत' नाही. छान गाडी आहे, खरंच. फोटो काढून काकाला पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं: "धूर कुठाय?"