एका मत्स्यनामाचा इतिहास

प्राणिशास्त्रांतील लांबलचक नांवें म्हणजे विद्वानांची निव्वळ घोकंपट्टी, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गांतहि आढळतो. परंतु अशा एखाद्या नांवाच्या पोटीं केवढा इतिहास असतो, हें उत्तरेकडील थंड समुद्रांतील एका मत्स्यगणावरून दाखवावें, असें आम्हांस वाटतें.

या गणाचें नांव मायॉक्सोसेफॅलस. डोकें मोठें व काटेरी, तोंड रुंद, शरीर शेपटीकडे निमुळतें. पोटांत वायूची पिशवी नसल्यामुळें वास्तव्य तळाशीं. १७५८ मध्यें लिनिअसनें यांतील एका जातीस विंचवाचें नांव दिलें, आणि युरोपांतील नद्या-ओढ्यांत राहणाऱ्या एका लहान माशाबरोबर तिला 'कॉटस' या एकाच प्रजातींत बसविलें. बाह्य रूप पाहूनच वर्गवारी करावयाच्या त्या काळीं हें स्वाभाविकच होतें.

तत्पूर्वींच स्टेलर नांवाच्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञानें पूर्वेकडील समुद्रांतील प्राण्यांचीं टिपणें करून ठेविलीं होतीं. बेरिंगच्या सफरीबरोबर तो १७४१ मध्यें अमेरिकेच्या किनाऱ्यास पोंचला होता. १७४६ मध्यें सैबेरियांतून परततांना ट्युमेन येथें त्याचा अंत झाला. वय अवघें ३७. मागें राहिले ते कागद. पुढें ६५ वर्षांनीं, १८११ मध्यें, टिलेसिअसनें त्या हस्तलिखितांतील नांव घेऊन ही सागरी प्रजाति स्वतंत्रपणें प्रसिद्ध केली. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ, हिवाळाभर झोपणाऱ्या उंदरासारख्या एका प्राण्याचें डोकें असलेला. लिनिअसचा 'विंचू'हि कालांतरानें याच प्रजातींत आला.

जो प्रथम छापून प्रसिद्ध करील तोच नांवाचा कर्ता, असा शास्त्राचा नियम आहे. म्हणून या प्रजातीपुढें टिलेसिअसचें नांव लागतें. तथापि तिच्यांतील एका जातीस त्यानें स्टेलरचें नांव दिलें, हें त्यास भूषणावहच होय.

प्रजाति वेगळ्या झाल्या, तरी कुल एकच राहिलें. २०१४ मध्यें स्मिथ व बझ्बी या संशोधकांनीं शरीररचना व डीएनए यांचा एकत्र विचार करून बहुतेक सागरी जाति दुसऱ्या कुलांत घातल्या. नदींतला मासा आणि समुद्रांतला मासा आतां कुलानेंहि परके ठरले.

वर्गीकरण वारंवार बदलतें, तेव्हां त्यावर विश्वास तरी कसा ठेवावा, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, चेहरा सारखा म्हणून नातें जवळचें, हा भ्रम सोडण्यास शास्त्रास अडीच शतकें लागलीं. आणि तो सोडतां आला, हेंच त्याच्या विश्वासार्हतेचें प्रमाण होय. मतें जातात, डोळ्यांनीं पाहून प्रामाणिकपणें लिहिलेलें टिपण मात्र लिहिणाऱ्याच्या मागेंहि कामास येतें.