पवनऊर्जा, घसारा सवलत आणि गुंतवणुकीची दिशा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटविण्यासाठी भांडवल आवश्यक असते. परंतु ते कोणत्या अटीवर मिळते, हे अधिक निर्णायक ठरते. १९९० च्या दशकात भारत सरकारने पवनचक्क्यांवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा वजावट दिली. करबचतीसाठी खाजगी भांडवल या क्षेत्राकडे वळले. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. तथापि ही सवलत उभारणीवर होती, वीजनिर्मितीवर नव्हती. कोळशाची बचत मात्र प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेनेच होते. २००९ मध्ये केंद्राने घसारा सवलत न घेणाऱ्या प्रकल्पांना प्रतियुनिट ५० पैसे प्रोत्साहन देऊन ही उणीव अंशतः दूर केली. सारांश, आर्थिक प्रोत्साहन गुंतविलेल्या रकमेशी नव्हे, तर फलिताशी निगडित असावे, हेच या इतिहासावरून स्पष्ट होते.