वेस्ट इंडीज संघराज्याचे जनक टी. ए. मॅरिशो

कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा या ब्रिटिश वसाहतीत विसाव्या शतकाच्या प्रारंभी विधिमंडळाचे सर्व सदस्य सरकारनियुक्त असत. लोकप्रतिनिधित्वाच्या हक्कासाठी तेथे लेखणी हाती घेणारे पत्रकार म्हणजे थिओफिलस अल्बर्ट मॅरिशो. त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८७ रोजी झाला. डब्ल्यू. जी. डोनोव्हन यांच्या वृत्तपत्रात उमेदवारी केल्यानंतर १९१५ मध्ये त्यांनी सी. एफ. पी. रेनविक यांच्यासह 'द वेस्ट इंडियन' हे वृत्तपत्र सुरू केले. विखुरलेल्या बेटांनी एकत्र येऊन आपला कारभार आपणच पाहावा, हा त्यांचा आग्रह होता. ही मागणी घेऊन ते १९२१ मध्ये लंडनला गेले. त्यानंतरच्या सुधारणांनुसार १९२५ मध्ये काही जागांसाठी निवडणूक झाली. मतदानाचा हक्क मोजक्यांनाच होता. मॅरिशो त्यात निवडून आले आणि तीन दशकांहून अधिक काळ विधिमंडळात राहिले. सर्व प्रौढांना मताधिकार मिळण्यास मात्र १९५१ साल उजाडले.

३ जानेवारी १९५८ रोजी वेस्ट इंडीज संघराज्य अस्तित्वात आले. मॅरिशो त्याच्या सिनेटचे सदस्य झाले. परंतु १९ ऑक्टोबर १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. जमैकाने १९६१ च्या सार्वमतात बाहेर पडण्याचा कौल दिल्याने १९६२ मध्ये संघराज्यही विसर्जित झाले. ग्रेनाडा १९७४ मध्ये एकट्यानेच स्वतंत्र झाला. तेथील महाविद्यालयास मॅरिशो यांचे नाव देण्यात आले आहे.