नावाआडचे शरीर

आजचा विषय वडीलधाऱ्या मंडळींसमोर काढण्याजोगा नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु समाज ज्याविषयी बोलत नाही, त्याचाही इतिहास असतोच. आणि पुष्कळदा तो न्यायालयाच्या दप्तरात सापडतो.

आपल्याकडे देवांना शरीरावरून नावे मिळाली. लंबोदर, वक्रतुंड, येथून जवळचा निलंग्याचा नीलकंठेश्वर. पोट, तोंड, कंठ यांचा उच्चार करताना भक्ताला संकोच वाटत नाही. इंग्रजी बोलीने नेमके उलट केले. ज्या अवयवांचा उच्चार चारचौघांत होत नसे, त्यांना तिने माणसांची नावे दिली. पुरुषाच्या इंद्रियाला 'जॉन थॉमस' म्हणण्याची रीत तिकडे एकोणिसाव्या शतकापासून होती. डी. एच. लॉरेन्सने १९२८ साली फ्लॉरेन्समध्ये छापून घेतलेल्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीत हे नाव रानाच्या रखवालदाराच्या तोंडी घातले आणि त्याला 'लेडी जेन'ची जोड दिली. चोरट्या थट्टेची तेथे जिव्हाळ्याची हाक झाली.

हे पुस्तक विक्रीस ठेवल्याबद्दल मुंबईच्या 'हॅपी बुक स्टॉल'चे भागीदार रणजित उदेशी व त्यांचे सहकारी यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बचावासाठी मुल्कराज आनंद साक्षीला उभे राहिले. तरीही प्रत्येकी २० रुपये दंड झाला, आणि १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने दोषारोप कायम ठेवला. वास्तविक लंडनच्या ज्यूरीने याच पुस्तकाच्या प्रकाशकांना १९६० सालीच निर्दोष ठरविले होते. आपण मात्र १८६८ सालच्या इंग्रजी निकालातली कसोटी उराशी धरून बसलो!

मराठीत या संकोचाशी झुंजले ते रघुनाथ धोंडो कर्वे. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. वाचकांनी शरीराविषयी प्रश्न विचारावेत आणि त्यांनी आडपडदा न ठेवता उत्तरे द्यावीत, हा त्यांचा क्रम होता. या उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. तरीही दंड चुकला नाही.

टोपणनाव वाईट नव्हे. लेकराला न्हाऊ घालताना आई ते लाडाने घेते. अडचण पुढे येते. लाडाचे नाव वयाबरोबर मागे पडते; मग उरतात दोनच शब्द, एक संस्कृत पोथीतला आणि दुसरा शिवीतला. पोथीतला शब्द जिभेवर येत नाही, शिवीतला डॉक्टरांपुढे उच्चारवत नाही. 'तिथे दुखते' एवढेच सांगून माणूस गप्प बसतो आणि दुखणे वाढत जाते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्या किल्लारीने पाहिली, तिला शरीर किती नाजूक आहे हे कोणी सांगावयास नको. ते जपावयाचे, तर त्याला नावाने ओळखता आले पाहिजे. कर्वे यांनी दंड भरला तो एवढ्यासाठीच.