महापालिकेचा अर्थसंकल्प : आपली मागणी केव्हा मांडावी?

१४ एप्रिलला जयंतीच्या मंचावरून आपण वस्तीसाठीच्या घोषणा ऐकतो; पण महापालिकेचे आर्थिक वर्ष १ एप्रिललाच सुरू झालेले असते.

आयुक्त अर्थसंकल्प स्थायी समितीला सादर करतात, समिती दुरुस्त्या सुचवते, सर्वसाधारण सभा अंतिम मंजुरी देते. २०२३ ते २०२५ या वर्षांत मुंबईत सभागृहच नव्हते. मंजुरी प्रशासकांनीच दिली.

इमारत हा भांडवली खर्च; पगार, सफाई, औषधे हा महसुली. वस्तीत वाचनालय बांधले, पण ग्रंथपालाच्या पगाराची तरतूद नसेल तर दाराला कुलूपच लागते.

म्हणून आपण डिसेंबरपूर्वीच प्रभाग कार्यालयात लेखी मागणी द्यावी, पोच घ्यावी, मंजूर अर्थसंकल्पात तरतूद शोधावी आणि वर्षअखेरीस प्रत्यक्ष खर्च माहिती अधिकारात विचारावा.