प्लिमथची पोटनिवडणूक



इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर प्लिमथ नांवाचें बंदर आहे. आरमाराच्या गोदीवर तेथील असंख्य कुटुंबांचा चरितार्थ चाले. नगराचा दर्जा त्यास 1928 सालीं मिळाला. मी सांगणार आहें त्या 1919 सालीं तें राजधानीपासून दूरचें एक प्रांतिक गांव होतें. महायुद्ध थांबून जेमतेम एक वर्ष लोटलें होतें.

ज्या देशाच्या पार्लमेंटाचा एवढा लौकिक, तेथें सर्वांस मताचा हक्क पूर्वापार असणारच, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. युद्धापूर्वीं तेथील प्रौढ पुरुषांपैकीं सुमारें 40 टक्के मतदारयादीबाहेर होते. एका ठिकाणीं बारा महिने राहिल्यावांचून यादींत नांव चढत नसे. म्हणजे जो खलाशी किंवा शिपाई देशासाठीं दूर गेला, त्याचेंच नांव गळावयाचें! प्लिमथसारख्या गोदीच्या गांवांत या नियमाचा अर्थ घरोघर कळत असला पाहिजे.

6 फेब्रुवारी 1918 रोजीं नवा कायदा मंजूर झाला. एकवीस वर्षांवरील पुरुषांस मत मिळालें, वास्तव्याची मुदत सहा महिन्यांवर आली, आणि युद्धांत चाकरी केलेल्यांस एकोणिसाव्या वर्षींच हक्क मिळाला. मतदार सुमारें 77 लक्ष होते, ते दोन कोटी चौदा लक्षांच्या घरांत गेले. त्यांत स्त्रिया सुमारें 84 लक्ष. मात्र स्त्रीचें वय तीस हवें, आणि ती घर बाळगणारी, तशा गृहस्थाची पत्नी, किंवा विश्वविद्यालयाची पदवीधर हवी.

तीसच कां? रणांगणावर इतके पुरुष पडले होते कीं, सर्व प्रौढ स्त्रियांस मत दिल्यास यादींत त्यांचेंच आधिक्य होईल, ही भीति. दारूगोळ्याच्या कारखान्यांत खपलेल्या बहुसंख्य मुली तिशीच्या आंतल्या होत्या. स्त्रियांच्या हक्काचें समर्थन करतांना त्यांच्याच श्रमांचा दाखला देण्यांत आला होता, आणि यादी तयार झाली तेव्हां त्याच वगळल्या गेल्या. मला या व्यवहारांत न्यायापेक्षां हिशेब अधिक दिसतो. पुढें त्याच वर्षीं नोव्हेंबरांत दुसरा कायदा झाला: एकवीस वर्षांच्या स्त्रीस उमेदवार म्हणून उभें राहतां येईल. म्हणजे बावीस वर्षांची मुलगी पार्लमेंटांत बसूं शकेल, पण मत देऊं शकणार नाहीं. हें वर्गांत सांगितलें कीं मुलें हसत. मी त्यांस कधीं दटावलें नाहीं.

आतां प्लिमथकडे वळूं. तेथील सटन विभागाचे सभासद वॉल्डॉर्फ ॲस्टर यांचे वडील ऑक्टोबर 1919 मध्यें वारले. वडिलांची उमरावकी त्यांजकडे आली, आणि त्यांस लोकसभागृह सोडावें लागलें. रिकाम्या जागेसाठीं त्यांच्या पत्नी नॅन्सी उभ्या राहिल्या. बाईंचा जन्म अमेरिकेंतील व्हर्जिनियाचा, आणि मताधिकाराच्या चळवळींत त्यांचा भाग नव्हता. 15 नोव्हेंबर रोजीं मतदान झालें. समुद्रापारच्या सैनिकांचीं व खलाशांचीं मतें यावयाचीं होतीं, म्हणून निकाल 28 तारखेस लागला: लेडी ॲस्टर 14,495, मजूर पक्षाचे गे 9,292, लिबरल पक्षाचे आयझॅक फूट 4,139.

त्याआधीं 1918 मध्यें डब्लिनमधून मार्किएविच बाई निवडून आल्या होत्या. पण त्या तेव्हां तुरुंगांत होत्या, आणि आयरिश स्वातंत्र्यपक्षाच्या धोरणानुसार त्यांनीं जागा घेतली नाहीं. म्हणून 1 डिसेंबर 1919 रोजीं लॉइड जॉर्ज व बाल्फोर यांच्या सोबतीनें लेडी ॲस्टर सभागृहांत शिरल्या, त्या तेथें बसणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. मतासाठीं ज्यांनीं तुरुंगांत उपास काढले, त्यांच्यापैकीं हा मान कोणासही मिळाला नाहीं.

त्याच महिन्यांत, 23 डिसेंबरला, हिंदुस्थानच्या कारभाराचा कायदा पक्का झाला. आपल्या स्त्रियांस मत द्यावें कीं न द्यावें, हा प्रश्न पार्लमेंटानें प्रांतिक कौन्सिलांवर सोंपविला. मुंबई कौन्सिलानें तो 1921 सालीं स्त्रियांच्या बाजूनें सोडविला; मिळकतीची अट मात्र राहिलीच.

विलायतेंत तीस वर्षांची अट 1928 सालीं गेली, आणि पुढील वर्षींच्या निवडणुकींत मतदारयादींत स्त्रियांचें आधिक्य झालें. ज्याची भीति धरली होती तेंच झालें, आणि राज्य बुडालें नाहीं. लेडी ॲस्टर 1945 पर्यंत सटनच्या प्रतिनिधि राहिल्या. पतीनें सोडलेल्या जागेवर आलेल्या या बाई पतीच्याच आग्रहानें निवृत्त झाल्या. दुसऱ्या महायुद्धांत बाँबवर्षावानें उद्ध्वस्त झालेल्या त्या नगरानें त्या वर्षीं सटनमधून मजूर पक्षाच्या ल्यूसी मिडल्टन यांस निवडलें, आणि शेजारच्या डेव्हनपोर्ट विभागांतून आयझॅक फूट यांचे चिरंजीव मायकेल निवडून आले.